इपु हेके: हवाईच्या जोडभोपळ्याचं वाद्य घडवावं कसं, वाजवावं कसं

माझ्या पहिल्या इपुचं बूड एका ठोक्यात गेलं. सरावाला जाताना घडी घातलेली गोधडी घरीच राहिली आणि दोन मिनिटांचाच तर सराव आहे, असं म्हणून मी इपु थेट लाकडी जमिनीवर आपटला. आवाज आला तो नेहमीचा खोल ‘ऊ’ नव्हता, कोरडा ‘कट्’ होता. बी पेरल्यापासून त्या दिवसापर्यंत सव्वा वर्ष गेलं होतं. पुढचा इपु घडवताना प्रत्येक पायरी मी जास्त सावकाश केली आणि प्रत्येक पायरीला कान लावला. इथे लिहितेय ते त्या दुसऱ्या खेपेला शिकलेलं.

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे हूला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, शिकवणाऱ्या शाळा, म्हणजे ‘हालाऊ’, बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या एकीत मी काही वर्षं शिकतेय. नाच शिकायला गेले आणि भोपळ्यात अडकले. माझ्यासारखे परदेशातल्या हालाऊत जाणारे मराठी लोक, किंवा गावाकडे परसात दुधीचा वेल असलेले आणि वाद्यांची आवड असलेले लोक, दोघांच्याही हाती लागेल असं हे लिहायचा प्रयत्न आहे.

आधी वाद्याची ओळख

‘इपु’ म्हणजे भोपळा. आपला दुध्या भोपळा ज्या जातीचा, तीच ही वनस्पती, लॅजेनेरिया सिसेरारिया. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून ज्या वनस्पती हवाई बेटांवर नेल्या त्यांत हा वेलही होता. बेटांवर माती भाजून भांडी करायची परंपरा नव्हती. त्यामुळे पाणी भरायला, अन्न वाढायला, कपडे ठेवायला, प्रवासात सामान न्यायला भोपळाच. निइहाऊ बेटावर तर भोपळ्याच्या सालीवर नक्षी रंगवायची स्वतंत्र कला होती. आपल्याकडे नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड बांधत, पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्यांना पोहायला शिकवत, तंबोऱ्याला तुंबा बसवत. वस्तू तीच, हवाईत तिचा पसारा आणखी मोठा.

नाचात वापरायची भोपळ्याची वाद्यं मुख्यतः तीन. एकाच भोपळ्याचा, वर तोंड कापलेला तो ‘इपु हेके ओले’, म्हणजे ‘हेके नसलेला इपु’. नर्तक स्वतः हातात घेऊन वाजवतात तो बहुधा हाच. दोन भोपळे मानेला मान लावून जोडलेला तो ‘इपु हेके’. वरच्या लहान भोपळ्याला ‘हेके’ म्हणतात. असं जोडभोपळ्याचं वाद्य पॉलिनेशियात हवाईबाहेर नाही. तिसरं ‘उलि-उलि’, म्हणजे आत बिया घातलेला, डोक्यावर पिसांची चकती असलेला खुळखुळा. (मूळ शब्दात दोन ‘उलि’च्या मध्ये आणि सुरुवातीलाही गळ्यात क्षणभर श्वास अडवायचा असतो. हवाईयन भाषेत तो अडथळा हे एक पूर्ण व्यंजन आहे, आणि तो गाळला तर शब्दाचा अर्थ बदलू शकतो.) एका काडीत ओवलेल्या तीन लहान भोपळ्यांचं, दोरी ओढली की गरगर फिरणारं ‘ऊलीली’ही आहे, पण ते क्वचित दिसतं.

नारळाच्या खोडाचा, शार्कच्या कातड्याने मढवलेला ‘पाहू’ ढोल वेगळा. त्याचे नाच वेगळे, त्याचा मान वेगळा, आणि तो गुरूशिवाय हात लावायचा विषय नाही. तो मी इथे घेत नाही.

बी आणि वेल

बाजारातल्या भाजीच्या दुधीच्या बियाण्याने इपु होत नाही. भाजीचा दुधी कोवळा खायचा म्हणून निवडत आणलेला. त्याचं कवच पातळ राहतं, वाळला की बोटाने दाबला तरी खचतो. इपुला जाड कवचाचं, बूड गोल आणि रुंद, मान आखूड असं वाण लागतं. अमेरिकेत ‘हवाईयन इपु’ याच नावाने बी मिळतं. महाराष्ट्रात असाल तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाने मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी मोठे भोपळे पिकवतात, तिथल्या माहीतगार माणसाशी बोलून बघा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वाद्याची सुरुवात शेतातच होते आणि कुठला भोपळा वाजेल हे त्या शेतकऱ्यांना चांगलं कळतं.

बी कोमट पाण्यात एक रात्र भिजवून पेरा. देशावर जून-जुलैत लावलेला वेल चांगला. फळ पावसाळ्यात धरतं आणि वेल वाळतो तोवर हवा कोरडी झालेली असते. कॅलिफोर्नियात मी एप्रिलअखेरीस, माती उबदार झाल्यावर लावते. दोन वेलांत किमान दोन मीटर अंतर ठेवा. जवळपास दुसऱ्या वाणाचा दुधी असेल तर यंदाच्या फळाला काही होत नाही, पण त्यातल्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा राहत नाही.

दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्रभर उघडी असतात. त्यांच्याकडे येतात ते पतंग, मधमाश्या नव्हेत. शहरात पतंग कमी, म्हणून फळं धरत नाहीत आणि लोक खताला दोष देतात. दिवेलागणीला वेलाकडे जा. ज्या फुलाच्या मागे बोटाएवढा लहान दुधी असतो ते मादी फूल. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. चार दिवसांत फळाची मान खाली झुकली आणि ते फुगू लागलं की धरलं समजा. वेलावर दोन किंवा तीनच फळं ठेवा. बाकीची काढताना मला दरवर्षी जड जातं, पण पाच फळं ठेवली तर पाचही पातळ होतात.

आता आकार. मांडवाला लोंबणारं फळ लांब होतं, जमिनीवर बसलेलं फळ बुडाला रुंद होतं. इपुला दुसरं हवं. फळ नारळाएवढं झालं की त्याखाली गवताची जाड चुंबळ करून ते उभं बसवा, देठ वर. वळवताना देठाला पीळ पडू देऊ नका. एका दिवसात सरळ करायला गेलात तर देठ तुटेल. रोज थोडं, आठवडाभर. हवाईत जुने लोक भोपळा पेरताना पेरणाऱ्याचं पोट मोठं असावं, त्याने भरपेट जेवून, मोठा भोपळा उचलल्यासारखं वाकून बी टाकावं असं मानत. भोपळ्याचं नातं लोनो या देवाशी, म्हणजे पाऊस, शेती आणि सुगीच्या देवाशी, जोडलेलं आहे, आणि त्याला उद्देशून भोपळ्याची प्रार्थनाही आहे. मी बी लावताना आमच्या कुमुंनी, म्हणजे गुरूंनी, शिकवलेल्या दोन ओळी म्हणते.

वाळवणं

देठ तपकिरी होऊन सुकला आणि फळाच्या सालीवर नख उमटेनासं झालं की काढा. त्याआधी नाही. घाईने काढलेलं फळ वाळताना आत खचतं. देठ दोन इंच ठेवून कापा.

वाळवायला वारा हवा, ऊन नको. पट्ट्यांच्या मांडणीवर, एकमेकांना न चिकटता, सावलीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा फिरवा. मुठीएवढी फळं दीड-दोन महिन्यांत वाळतात, इपुच्या खालच्या भोपळ्याला चार ते सहा महिने सहज लागतात. या काळात सालीवर काळी-पांढरी बुरशी येते आणि नवखा माणूस फळ सडलं म्हणून फेकून देतो. बुरशी वरच्या पातळ पापुद्र्यावर असते, आतलं कवच तिच्याखाली शांतपणे टणक होत असतं. सडलं आहे की नाही ते बोटाने दाबून कळतं. मऊ लागलं, खळगा पडला, तरच टाका.

वाळलेला भोपळा उचलताना आश्चर्य वाटावं इतका हलका होतो. हलवला की आत बिया खुळखुळतात. बिया मोकळ्या वाजत नसतील, नुसता एक गोळा इकडून तिकडे आपटत असेल, तरी चालेल, गर आतल्या आत गोळा झालेला असतो. पण काहीच हलत नसेल तर अजून महिनाभर थांबा.

मग वाजवून बघा. भोपळा कानाजवळ धरून बोटाच्या पेराने सगळीकडे टिचक्या मारा. एका अंगाला ‘टण’ आणि दुसऱ्या अंगाला ‘थप’ असा आवाज आला तर एक बाजू पातळ आहे. तिथे पुढे कधी हात मारायचा नाही, म्हणून तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. असा फरक बुडाला असेल तर तो भोपळा इपुला वापरू नका. त्याचं भांडं करा.

साफ करणं

बाहेरचा पापुद्रा काढायला भोपळा ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी बोथट सुरीने किंवा तांब्याच्या घासणीने साल सहज सुटते. पोलादी घासणी ओरखडे पाडते. धुऊन दोन दिवस सावलीत.

कापण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. सुक्या भोपळ्याची धूळ आणि आतल्या बुरशीची भुकटी छातीत गेली तर त्रास होतो, दमा असलेल्यांना फारच. नाका-तोंडावर नीट बसणारा एन-95 मास्क लावा, काम घराबाहेर करा आणि जमेल तितकं ओलं करून करा. साधा रुमाल पुरत नाही.

मानेभोवती जाड रबर बँड बसवा, त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा, आणि बारीक दात्यांच्या करवतीने भोपळा फिरवत फिरवत कापा. एकाच जागी खोल जाऊ नका, कवच शेवटच्या क्षणी फाटतं. मोठ्या फळाच्या बिया कागदी पाकिटात घालून त्यावर फळाचा आकार आणि कवचाची जाडी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुठलं बी लावायचं हे त्या पाकिटांवरूनच ठरतं.

आतला गर काढायची जुनी हवाईयन रीत अशी की भोपळ्यात पाणी भरून ठेवायचं, गर कुजू द्यायचा, ओतून टाकायचा आणि मग खडे-वाळू घालून घुसळायचं. वास उग्र येतो, पण कवचाला धक्का लागत नाही. मी दोन दिवस पाणी भरून ठेवते, मग लांब दांड्याच्या चमच्याने खरवडते आणि शेवटी मूठभर धारदार खडी घालून पंधरा मिनिटं फिरवते. आत हात घालून बोटं फिरवली की कुठेही कापसासारखा मऊ थर लागता कामा नये. तो थर आवाज पिऊन टाकतो. बाहेरून तयार दिसणारे कितीतरी इपु याच कारणाने मुके असतात. विकत घेतलेला इपु ‘थप्प’ वाजत असेल तर आधी आत बोटं घालून बघा.

तुमचा हा पहिलाच भोपळा असेल तर इथेच थांबा. मानेची कड सँडपेपरने गुळगुळीत करा, तुमचा एका भोपळ्याचा इपु तयार आहे. वर्षभर तो वाजवा. जोडभोपळा त्यानंतर.

दोन भोपळ्यांची जोडी

इपु हेकेत वरचा भोपळा उलटा असतो. त्याची मान खाली, खालच्याच्या मानेवर टेकलेली. त्याचं मूळचं बूड वर येतं आणि तिथे तोंड कापलं जातं. म्हणजे वरच्याला दोन छेद, खालच्याला एक.

माझ्या सध्याच्या इपुचा खालचा भोपळा सुमारे 38 सेंटिमीटर उंच आहे, वरचा 22. मोठ्या माणसाला गुडघ्यांवर बसून वाजवायला एकूण उंची 55 ते 65 सेंटिमीटर सोयीची पडते. तुमच्या हाताला लागेल तसं बदला, पण जड करू नका, कारण हे वाद्य एका हाताने सारखं उचलायचं असतं.

दोन्ही माना सात ते नऊ सेंटिमीटर व्यासाच्या, शक्य तितक्या सारख्या कापा. सपाट काचेवर सँडपेपर पसरा आणि कापलेली कड त्यावर गोल फिरवत घासा. दोन्ही कडा एकमेकांवर ठेवून पाठीमागे दिवा धरा. जिथून उजेड दिसतो तिथे अजून घासायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक लोक गाळतात. गोंद लावण्याआधी सांधा कागदी चिकटपट्टीने तात्पुरता बांधा, वरच्या भोपळ्याला लहानसं, पाच सेंटिमीटरचं तोंड कापा, आणि गोधडीवर ठोका देऊन ऐका. वरचा भोपळा थोडा फिरवून पुन्हा बांधा, पुन्हा ऐका. दुसरा हेके असेल तर तो लावून ऐका. आवाज आतल्या हवेचा आहे. पोकळी जितकी मोठी तितका तो खोल जातो, तोंड जितकं मोठं तितका वर चढतो आणि मोकळा होतो. माठाच्या तोंडावर तळहात ठेवून अर्धा झाकला की घुमारा कसा खाली उतरतो, तेच इथे होतं. म्हणून तोंड आधी लहान ठेवायचं आणि दोन-तीन मिलिमीटर घासत वाढवायचं. दर वेळी ठोका द्यायचा. एक जागा अशी येते की ठोक्यानंतरचा घुमारा तुमच्या बसलेल्या मांड्यांना जाणवतो. तिथे थांबा. माझं तोंड नऊ सेंटिमीटरवर थांबलं, तुमचं सातवरही थांबेल. वाढवलेलं तोंड परत लहान करता येत नाही.

सांध्याला पूर्वी फणसाच्या कुळातल्या ‘उलू’, म्हणजे नीरफणसाच्या, चिकाचा वापर करत. मी लाकूडकामाचा गोंद घेते आणि त्यात घासताना पडलेली भोपळ्याचीच भुकटी मिसळून लापशीइतका दाट करते. दोन्ही कडांना लावून दाबून बसवा, वर पुस्तकाइतकं वजन ठेवा, चोवीस तास हलवू नका. मग वरच्या तोंडातून हात घालून सांध्याला आतून मलमलीची दोन बोटं रुंद पट्टी गोंदाने चिकटवा. ही पट्टी दिसत नाही, पण उचल-आपट सोसायचं काम तीच करते.

सांध्याच्या खाचेत बाहेरून सुती दोरी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून तिचा एक फास ठेवा. डाव्या हाताचं मनगट त्यात अडकतं आणि घाम आला तरी वाद्य निसटत नाही. फास इतका सैल हवा की मनगट आत फिरेल, इतका घट्ट हवा की उचलताना भोपळा हाताबरोबरच उठेल.

बाहेरून तेलाचा एक पातळ हात पुरे. हवाईत कुकुईच्या बियांचं तेल वापरतात. चकचकीत व्हार्निशचे तीन-तीन थर देऊ नका. कवच जड होतं आणि बोटांचा आवाज काचेसारखा लागतो.

बैठक आणि दोन बोल

इपु कोऱ्या जमिनीवर वाजवायचा नसतो. पूर्वी खाली झाडाच्या सालीचं कापड, म्हणजे कापा, घडी करून ठेवत. चटई असे ती ‘हाला’च्या पानांची. हे झाड आपल्या केवड्याच्या कुळातलं. मला आईची जुनी गोधडी चार घड्या करून उत्तम चालते. इतकी मऊ नको की भोपळा रुतेल, इतकी कडक नको की तो आपटेल. तीन ते चार सेंटिमीटर जाडी धरा.

गुडघे दुमडून टाचांवर बसा. गोधडी गुडघ्यांच्या पुढ्यात, इपु तिच्यावर उभा. डावा हात फासातून जाऊन सांध्याला धरतो, उजवा मोकळा.

बोल दोनच. खाली ठोका तो ‘ऊ’. बोटांची थाप तो ‘ते’. तबल्याचे बोल तोंडाने म्हणून मगच वाजवतो तसेच हेही आधी म्हणायचे.

‘ऊ’साठी इपु चार-पाच बोटं उचला आणि खाली सोडा. आपटू नका. टेकल्या क्षणी पकड किंचित सैल करा म्हणजे भोपळा गोधडीवरून स्वतःच उसळतो आणि पोकळी मोकळी वाजते. घट्ट दाबून धरलात तर आवाज जागीच मरतो.

‘ते’ खालच्या भोपळ्याच्या पोटावर, सगळ्यात फुगीर भागाच्या जरा खाली. चारही बोटं जुळवून, सपाट, तळवा न लावता. थाप दिली की बोटं लगेच उठली पाहिजेत, तव्यावरची भाकरी उलटताना उठतात तशी. बहुतेकांची थाप सुरुवातीला जोरात आणि बद्द येते. जोर अर्धा करा, वेग तोच ठेवा.

एका भोपळ्याच्या इपुवर नर्तक हेच दोन बोल हातानेच काढतात. ‘ऊ’ला तळव्याची टाच बुडाजवळ, ‘ते’ला बोटं.

चार मात्रांचा सगळ्यात साधा ठेका असा: पहिलीवर ‘ऊ’, दुसरी रिकामी, तिसरी आणि चौथीवर ‘ते’. म्हणजे ऊ – ते ते, ऊ – ते ते. पहिले दोन आठवडे एवढंच, रोज दहा मिनिटं, आणि घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा किंचित संथ. रिकाम्या दुसऱ्या मात्रेवर इपु उचलायची घाई होते. त्या जागी ‘ऊ’ घुमू द्यायचा असतो, कारण नर्तकाचं पाऊल त्याच घुमाऱ्यावर टेकतं. त्यानंतर ‘ऊ ते, ऊ ते ते’ घ्या. मग दोन्ही ठेके एकामागून एक, न थांबता बदलता येईपर्यंत. प्रत्येक हालाऊत ठेक्यांना दिलेली नावं आणि त्यांचे बारकावे वेगळे असतात. तुमचे कुमु सांगतील तेच बरोबर धरा. चित्रफिती बघून चार घराण्यांची सरमिसळ करू नका.

ठेका आणि शब्द

इपु वाजवणाऱ्याला हवाईयन भाषेत ‘हो-ओपा-आ’ म्हणतात. शब्दाच्या पोटात पक्कं करण्याचा, पाठ करण्याचा अर्थ आहे. काव्य ज्याच्या तोंडी पक्कं आहे तो. नाचतात ते ‘ओलापा’. म्हणजे वाजवणारा हा आधी म्हणणारा आहे, आणि त्याच्या हातातला भोपळा त्या शब्दांना टेकू देतो. हे मला फार उशिरा कळलं. पहिलं वर्ष मी ठेके घोटत राहिले आणि शब्द मागाहून चिकटवायला गेले तेव्हा हात आणि जीभ भांडू लागले.

तेव्हा क्रम असा ठेवा. काव्याचा अर्थ ओळ-ओळ समजून घ्या: कुठल्या राजाचं, कुठल्या जागेचं, कुठल्या पावसाचं. हवाईत वाऱ्यांना आणि पावसांना गावागणिक नावं आहेत आणि काव्यात ती नावानिशी येतात. मग ओळी हात न हलवता पाठ करा. मग मांडीवर हाताने ठेका देत म्हणा. शेवटी इपु. ज्या ओळीला अडखळाल तिथे वाजवणं थांबवून पुन्हा मांडीवर या. कित्येक नाचांत प्रत्येक कडवं दोनदा येतं आणि दोन कडव्यांमध्ये नुसता ठेका चालू राहतो. तेवढ्यात नर्तकांपैकी कोणीतरी पुढच्या कडव्याचे पहिले शब्द मोठ्याने पुकारतं. ते ऐकायचं आणि त्यावर उठायचं. व्यक्तीच्या गौरवाचं काव्य असेल तर शेवटी ‘हे इनोआ नो’ म्हणून त्या माणसाचं नाव येतं, म्हणजे ‘हे नाव त्यांच्यासाठी’. तिथे ठेका आवरता घेताना हात हलका ठेवा, नाव झाकलं जाऊ देऊ नका.

हे शब्द जपले गेले ते सहजासहजी नाही. 1830 मध्ये राणी काआहुमानूने, मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झाल्यावर, जाहीर हूलावर बंदी घातली. घराघरांतून, गुरूकडून शिष्याकडे तो चालू राहिला. राजा कालाकाऊआने 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात तो पुन्हा उघड्यावर आणला. त्याच्याच टोपणनावाने हिलो गावात 1964 पासून ‘मेरी मोनार्क’ महोत्सव भरतो आणि 1971 पासून तिथे हूलाची स्पर्धा असते. प्राचीन पद्धतीच्या, म्हणजे ‘काहिको’च्या, रात्रीचं प्रक्षेपण जरूर बघा. नर्तकांवरून नजर काढून एकदा फक्त इपु वाजवणाऱ्या कुमुंच्या डाव्या हाताकडे बघत राहा. उचल किती कमी असते ते दिसेल.

म्हणूनच परवानगीची गोष्ट. घरी भोपळा घडवायला आणि ठेके घोटायला कोणी अडवत नाही. पण एखादं काव्य लोकांपुढे सादर करायचं असेल तर ते ज्यांच्याकडून शिकलात त्यांना विचारा. आमच्या हालाऊत इपु ओलांडत नाहीत, त्यात वस्तू ठेवत नाहीत, दुसऱ्याचा न विचारता उचलत नाहीत. तबल्याला पाय लागला तर आपण हात जोडतो, त्यामुळे हे मला कधी वेगळं शिकवावं लागलं नाही.

उलि-उलि, थोडक्यात

इंग्रज दर्यावर्दी कुक याच्या तिसऱ्या सफरीतला चित्रकार जॉन वेबर याने काढलेल्या हवाईयन नर्तकाच्या चित्रात त्याच्या हातात पिसांचा खुळखुळा स्पष्ट दिसतो. त्यासाठी मुठीएवढा गोल भोपळा लागतो. आज बहुतेक कारागीर ‘ला-आमिया’ची फळं वापरतात. हे झाड मूळ अमेरिका खंडातलं, आपल्याकडे त्याला कमंडलूचं झाड म्हणतात.

देठाच्या जागी एक सेंटिमीटरचं भोक पाडून आतला गर वाकड्या तारेने काढा, धुवा, पूर्ण वाळवा. आत घालायला कर्दळीच्या बिया घ्या. त्या काळ्या, गोल, छऱ्यासारख्या टणक असतात, आणि हवाईतही कर्दळीच्याच बिया घालतात. मात्र कर्दळ बेटांवर बाहेरून आलेली आहे, तिच्याआधी खडे आणि इतर बिया होत्या. वीस बियांनी सुरुवात करा, भोकावर अंगठा धरून हलवा आणि ऐका. कमी असल्या तर आवाज तुटक येतो, जास्त झाल्या तर एकमेकींना दाबतात. जोडी करायची तर दोन्हींचा आवाज जुळेपर्यंत दोन-तीन बिया इकडच्या तिकडे करा. मग लाकडी मूठ गोंदाने घट्ट बसवा आणि तिच्या टोकाला जाड पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर पिसं शिवून लावा. पिसं आतून बाहेर न शिवता कडेकडून मध्याकडे शिवत या, म्हणजे आधीच्या ओळीचे देठ पुढच्या ओळीखाली झाकले जातात.

जपणं आणि दुरुस्ती

उन्हात उभ्या गाडीत इपु ठेवू नका. गोंद मऊ होतो, सांधा सरकतो. कापडी पिशवी चांगली, प्लास्टिकची नको, आत दमट राहून बुरशी धरते. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात महिन्यातून एकदा तोंड खाली करून वाऱ्याला ठेवा.

ठोक्यामागे बारीक ‘झर्र’ असा आवाज येऊ लागला की कुठेतरी भेग आहे. डोळ्यांना दिसण्याआधी ती कानाला कळते. भोपळा फिरवत टिचक्या मारा, आवाज जिथे फाटतो तिथे भेग. तिच्या दोन्ही टोकांना सुईएवढं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, मग भुकटी मिसळलेला गोंद आत दाबा आणि आतून मलमलीची पट्टी लावा. पोटावरची भेग अशी वर्षानुवर्षं टिकते.

बुडाची टिकत नाही. बूड फुटलं तर सांध्याची दोरी सोडा, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याभोवती तासभर गुंडाळून ठेवा, गोंद भिजून सैल झाला की पातळ सुरीने हेके सोडवून घ्या आणि नव्या भोपळ्यासाठी जपून ठेवा. माझ्या त्या पहिल्या इपुचा हेके मी असाच काढला होता. पुढच्या हंगामात तीन भोपळे त्याच्याखाली चिकटपट्टीने बांधून पाहिले, तिसऱ्यावर तो बोलला, आणि आज तिथेच आहे.